मधल्या फाटकाची कडी

जन्मभर प्राथमिक शाळेत पोरं हाकली की एक विद्या आपोआप येते. माणूस कसा चालतोय यावरून त्याच्या पोटात काय आहे ते कळतं. कृष्णात कांबळेचं काहीतरी बिनसलंय हे मला त्या सकाळी असंच कळलं. काखेत लॅपटॉप धरून तो माझ्या दारात आला, पण पाटलांच्या अंगणातून नाही, रस्त्यानं वळसा घालून आला. इतक्या वर्षांत मी त्याला त्या रस्त्यानं येताना पाहिलं नव्हतं.

आता हे अंगणाचं प्रकरण सांगायला हवं. उजळाईवाडीच्या मागच्या अंगाला आमची कॉलनी. माझ्या नाकासमोर विजयसिंह पाटलाचं घर आणि त्याच्या पलीकडं, कोपऱ्यावर, कृष्णातचं. दोघं एकाच फाउंड्रीत होते, दोघांनी प्लॉट लागून घेतले, गवंडी एकच, दोन अंगणांमधली भिंतही एकच. त्या भिंतीत माणूस जाईल एवढी जागा सोडली आणि विजयसिंहनं भंगारातल्या अँगलचं लोखंडी फाटक स्वतः वेल्डिंग करून तिथं बसवलं. कडी त्याच्या बाजूला लागली. त्याची आई तानाबाई तेव्हा होती. ती म्हणाली, दारात म्हैस आहे, कडी आपल्या हाताशी बरी. पुढं म्हैस विकली, तानाबाईही गेली, फाटक तसंच राहिलं.

त्या फाटकातून काय काय गेलं म्हणून सांगू. दिवाळीचा फराळ इकडून तिकडं, बुद्धपौर्णिमेची खीर तिकडून इकडं. महापुराच्या वर्षी विजयसिंहचे शिरोळचे सगळे पाव्हणे पोराबाळांसकट आले, तेव्हा अर्धे कृष्णातच्या घरी झोपले आणि फाटक रात्रंदिवस उघडं राहिलं. विजयसिंहच्या बोअरला पाणी लागलं नाही, तेव्हा कृष्णातनं आपल्या बोअरचा पाइप फाटकाच्या खालून पाटलांच्या टाकीला जोडून दिला. आणि पुढं पाटलांकडं इंटरनेट आलं, तेव्हा विजयसिंह म्हणाला, पाणी तुझं, नेट माझं, हिशेब संपला. विजयसिंह त्याला किस्न्या म्हणतो. कृष्णात त्याला पाटील म्हणतो.

दोघांचं तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. विजयसिंहचा राग नाकावर, आला की शेजारच्या गल्लीला ऐकू जातो आणि चहा येईपर्यंत संपतो. कृष्णातचा राग दिसत नाही. तो बिद्रीकडच्या एका खेड्यातून आयटीआय करायला आला आणि फाउंड्रीत पॅटर्नच्या कामाला लागला. पॅटर्न म्हणजे नमुना. तो वाळूत दाबून खळगा करतात आणि त्या खळग्यात लोखंड ओततात. निवृत्त झाल्यावरही हे काम सुटलं नाही. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना नमुन्यांची ड्रॉइंग करून देतो, घरी बसून, लॅपटॉपवर. लॅपटॉप पुण्याच्या पोरानं, प्रसेनजीतनं दिलेला. फोन मात्र अजून बटणांचा. "दोन दोन डबडी कशाला संबाळायची," म्हणतो.

एकदा त्यानं मला त्याचं शास्त्र समजावलं होतं. "बाई, लोखंड थंड हुताना आकसतंय. म्हणून नमुना जरा मोठा धराय लागतोय. माणसाचंबी तसंच. जेवढं बोलतोय त्यातलं थोडं आकसणार, ते धरूनच चालायचं."

"आणि विजयसिंहसाठी किती धरतोस?" मी गमतीनं विचारलं.

तो हसला नाही. "त्याच्यासाठी धरत न्हाई," म्हणाला.

तर हा माणूस रस्त्यानं वळसा घालून माझ्याकडं आला. त्याच्या आधीच्या रविवारी काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, कारण मी तिथंच होते.

कॉलनीची एक मोकळी जागा आहे. तिथं अभ्यासिका व्हावी, पोरांना परीक्षांना बसायला शांत खोली मिळावी, असं कृष्णातनं त्या रविवारच्या मीटिंगमध्ये मांडलं. नकाशाही स्वतः काढून आणला होता. मंडळाच्या पोरांना तिथं साउंड आणि मांडवाचं सामान ठेवायला शेड हवं होतं. वाद होणारच होता, वादाला माझी ना नाही. पण मागून एक पोरगं म्हणालं, "ह्यांचं हे नेहमीचंच हाय. आज पुस्तकं म्हणतील, उद्या फोटू लावतील." आणि चार-दोन जण हसले.

मी त्या पोराला तिथल्या तिथं झापलं. दुसरीत असताना माझ्याच हातून अक्षरं गिरवलीत त्यानं, तो मान खाली घालून बसला. पण कृष्णात माझ्याकडं बघतच नव्हता. तो शेजारच्या खुर्चीकडं बघत होता, जिथं विजयसिंह बसला होता. ज्याचा आवाज गल्ली ओलांडतो तो विजयसिंह आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. अळीमिळी गुपचिळी. कृष्णातनं नकाशाची गुंडाळी केली आणि तो उठून गेला. मला त्या दिवशी विजयसिंहचा भयंकर राग आला होता, तो अजून सगळा गेलेला नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लॅपटॉपचं झालं. रात्री कधीतरी त्या यंत्रानं स्वतःच नवी सिस्टिम चढवून घेतली. सकाळी उघडलं तर सगळं दिसायला गुळगुळीत, रंग नवे, चिन्हांच्या जागा नव्या, आणि इंटरनेट बंद. पाटलांचं वायफाय नावानिशी दिसत होतं, रेघाही भरलेल्या. दाबलं की पासवर्ड विचारायचं, पासवर्ड घ्यायचं, गोल चक्र फिरायचं आणि मग उत्तर यायचं, जोडता येत नाही.

"एकदा बंद करून चालू केलंस का?" मी विचारलं. मला एवढंच येतं.

"बाई, ते पयलं केलं," तो म्हणाला.

बाकीचं सरुबाईनं, त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. दोन दिवस तो त्या यंत्रासमोर मांडी ठोकून बसला होता. वायफाय बंद केलं, चालू केलं. विमानाचं चिन्ह चुकून दाबलं गेलंय का ते बघितलं. जुनी जोडणी पुसून पासवर्ड एक एक अक्षर बघून पुन्हा घातला. पुण्याहून प्रसेनजीत फोनवर सांगत गेला आणि हा करत गेला. वायफायच्या कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं, नेटवर्कची सगळी मांडणी पुसून कोरी केली, नवी सिस्टिम काढून जुनी परत येते का तेही पाहिलं, ती येईना. प्रत्येक वेळी चक्र फिरायचं आणि तेच उत्तर यायचं. ड्रॉइंग तयार होतं, कारखान्याचे फोन येत होते, आणि पाठवायचं कसं हा प्रश्न होता.

"मग विजयसिंहच्या घरात जाऊन राऊटर बघायचा," मी म्हटलं.

त्यानं लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. "तुमचं वायफाय जरा द्या. एक बघायचंय."

मी पासवर्ड सांगितला. त्यानं घातला. चक्र अर्धं फिरलं असेल नसेल, तोवर जोडलं गेलं. ड्रॉइंगही लगेच गेलं. मला आनंद झाला आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "बघ, झालं की काम."

कृष्णातचा चेहरा मात्र उतरला. माझ्यासमोरच त्यानं प्रसेनजीतला फोन लावला आणि हे सांगितलं. पोरगं पलीकडून म्हणालं, आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं, "बाबा, मग मशीन ठीक आहे. पासवर्ड बरोबर असून घेत नाही म्हणजे तिकडून ब्लॉक केलंय. ज्याचा राऊटर त्यालाच ते करता येतं."

कृष्णातनं फोन खिशात घातला. "रविवारी मी उठून आलो ते लागलं असंल त्याला," तो म्हणाला. "तोंडानं सांगायचं की. बटण कशाला दाबायचं."

"अरे, पण विचार तरी त्याला."

"न्हाई बाई."

"का नाही?"

"इचारून इचारून म्हातारा झालो. शाळेत पाणी इचारलं, गावात वाट इचारली, हितं आलो तर खोली इचारली. पाटलाला कवा काय इचारावं लागलं न्हवतं. आता त्याला इचारायचं, माझं नेट का बंद केलंस? ते मला जमायचं न्हाई."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला दूध कुणी पाजलं ते विचारल्याशिवाय हसू नये. पण माझ्या मनाला पटतही नव्हतं. विजयसिंह भित्रा निघाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कपटी आहे असं मात्र वाटत नव्हतं. मी म्हटलं, मी जाऊन बोलते. तर म्हणाला, "तुमी मधी पडू नका. माझी शपथ हाय." रोज माझ्याकडचं वायफाय वापर म्हटलं, तेही नको म्हणाला. स्वतःच्या नावानं नवं कनेक्शन घ्यायला अर्ज टाकतो म्हणाला.

शनिवारी त्याच्या दारात विटा उतरल्या.

गवंडी बोलावला नाही. आयुष्यभर साचे जोडलेला माणूस, त्यानं स्वतःच ओळंबा लावून फाटकाच्या मागं, आपल्या बाजूनं, वीट रचायला घेतली. फाटक पाटलांच्या बाजूला तसंच लटकत राहिलं आणि त्याच्या गजांमागं एक एक थर वर येऊ लागला. मी गॅलरीतून बघत होते. मला रडू आलं, सरळ सांगते.

सरुबाई माझ्याकडं आली ती तणतणत. "मी म्हटलं, भितच घालायची तर पाण्याचा कॉकबी फिरवा. कळू दे की त्यास्नी. तर माझ्यावरच डोळं काढलं."

"काय म्हणाला?"

"म्हनले, पाणी कुणाचं बंद करायचं नस्तं. आपल्याला म्हाईत हाय त्ये."

तिचा राग तिथंच विरघळला. संध्याकाळी भिंत पुरी झाली तेव्हा पाहिलं, तळाच्या थरात त्यानं पाइपापुरतं भोक सोडलं होतं. बाकी सगळं बंद करून पाण्याची वाट तेवढी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह माझ्या दारात. डोळे तांबडे, दाढी वाढलेली. "बाई, किस्न्याला काय झालंय?"

मला घातलेली शपथ मी खुशाल मोडली. अशा शपथांनी कुणी मरत नाही, न बोलण्यानं मात्र माणसं तुटतात. मी म्हटलं, "तू त्याचं नेट बंद केलंस असं त्याला वाटतंय."

विजयसिंहचा आवाज चढला. "मी? मी किस्न्याचं नेट बंद करीन? ह्येच वळखलं व्हय त्यानं मला?" तो तरातरा घरी गेला आणि थोड्या वेळानं परत आला. "पासवर्ड त्योच हाय. माझा फोन चालतोय, टीव्ही चालतोय, पोराचा फोन चालतोय. राऊटरला काय झाल्यालं न्हाई. खोट त्याच्याच मनात हाय."

"मग जा आणि हेच त्याला सांग."

"मी का जाऊ? भित त्यानं घातली. त्यानं यावं."

घ्या. कृष्णातला लॅपटॉपनं पुरावा दिला, विजयसिंहला राऊटरनं. दोन यंत्रं साक्षीला उभी राहिली आणि दोघांनाही आपलंच खरं वाटू लागलं. मी दोघांनाही एकेक धपाटा घालण्याच्या वयाची आहे, पण वय झालं म्हणून माणसं ऐकतात असं नाही.

ते दिवस वाईट गेले. कृष्णात अंगणात यायचा बंद झाला. विजयसिंह सकाळी टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत पायरीवर बसून राहायचा. कुणाचं पाणी पडतंय हे त्याला दिसत होतं, आणि मला वाटतं त्या आवाजानंच तो जास्त खचला. एकदा त्यानं फाटकाची कडी काढली, विटांकडं बघितलं आणि परत लावली. मागं भिंत असलेल्या फाटकाला कडी कशाला लावायची हे त्याचं त्याला ठाऊक.

विजयसिंहची सून निशिगंधा या सगळ्यात इथं नव्हती. ती शिरोळला माहेरी गेली होती, बहिणीच्या बाळंतपणाला. ती एका कंपनीचे हिशेब घरून बघते आणि घरातली यंत्रं तिच्याच ताब्यात असतात. ती परतली, भिंत बघून सासऱ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसली तर तिच्या स्वतःच्या लॅपटॉपला स्वतःच्या घरातलं वायफाय घेईना.

आदल्या दिवशीच तिनं नवी सिस्टिम चढवली होती. रेघा भरलेल्या, पासवर्ड बरोबर, चक्र फिरायचं आणि जोडता येत नाही. जे कृष्णातला येत होतं तेच, अक्षराला अक्षर. तिनं फोनवरून राऊटर उघडून बघितला आणि कपाळाला हात लावला.

सासऱ्याला दोन शब्दांत सांगून ती धावत निघाली ती सवयीनं फाटकाकडं. कडी काढली आणि विटांसमोर उभी राहिली. मग रस्त्यानं वळून कृष्णातच्या घरात गेली. जाता जाता मला हाक मारून गेली, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

"काका, मशीन आणा," ती म्हणाली. तिला त्या घरात कधी प्रस्तावना लागत नाही.

कृष्णातनं लॅपटॉप पुढं केला. तो सौम्यपणे म्हणाला, "बाळ, तुला ठाव न्हाई. बंद केलंय त्ये."

"कुणी नाही केलं. मीच केलं, म्हणजे माझ्यामुळं झालं. ऐका तर." आणि तिनं जे सांगितलं ते मला समजलं तेवढं सांगते. मागं गल्लीतल्या पोरांना पाटलांचा पासवर्ड कळला होता आणि ती दिवसभर फुकट सिनेमे उतरवायची. तेव्हा निशिगंधानं राऊटरला सांगून ठेवलं की ओळखीच्या मशीनलाच आत घे. प्रत्येक मशीनच्या वायफायला कारखान्यातून एक नंबर पडलेला असतो, त्यावरून राऊटर ओळखतो. कृष्णातच्या लॅपटॉपची ओळख तिनं स्वतःच करून दिली होती. आता या नव्या सिस्टिमनं काय केलं, तर बाहेर कुणी आपल्यावर पाळत ठेवू नये म्हणून खरा नंबर झाकला आणि दर वेळी दुसराच सांगायला सुरुवात केली. राऊटरला वाटलं, हा कोण परका आला.

"माझ्या घरात मलाच घेतलं नाही काका," ती म्हणाली. "मग तुमचं कळलं."

तिनं एक बटण सरकवलं, खरा नंबर सांग म्हणून. चक्र फिरलं आणि जोडलं गेलं. साचलेल्या मेल एकामागून एक येऊन पडायला लागल्या. सरुबाईनं पदर तोंडाला लावला. कृष्णात पडद्याकडं बघत राहिला, त्याला आनंद झाला का आणखी काही ते कळेना.

एवढ्यात विजयसिंह आला. पुढच्या दारानं, आयुष्यात पहिल्यांदा. सुनेकडून ऐकून आलेला, चेहरा नुसता फुललेला. "किस्न्या, ऐकलंस न्हवं? मशीननं केलं की लेका समदं. आन् तू माझ्या नावानं विटा रचल्यास. चल, पहार घिऊन आलोय, पाड ती भित."

खरंच हातात पहार होती. मलाही वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

कृष्णातनं लॅपटॉप मिटला. "नेट तू बंद केलं न्हाईस. पटलं मला. चुकलो मी."

"मग झालं तर."

"पर पाटील, त्या दिवशी मीटिंगमधी तोंड कुणी बंद केलंतं तुझं?"

विजयसिंहचा चेहरा बघवेना. तो पहारीकडं बघू लागला. "आरं, पोरगं हाय ते. मंडळाची पोरं. उगा कशाला..." एवढंच म्हणाला आणि थांबला.

"तोंडाचंबी बटण असतं आन् निशिगंधानं सरकवलं असतं तर बरं झालं असतं," कृष्णात म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "नेटाचं मी चार दिसांत इसरलो असतो. मला वाटलं, ज्यो तवा गप्प बसला त्यो ह्येबी करू शकतोय. म्हणून इचारलं न्हाई."

विजयसिंह पहार घेऊन आला तसा परत गेला. वळसा घालून जाताना तो मध्येच थांबला, भिंतीकडं बघितलं आणि पुन्हा चालू लागला. निशिगंधा डोळे पुसत होती. मला तिची दया आली. तिनं एका बटणात जेवढं दुरुस्त होणार होतं तेवढं केलं होतं.

पुढच्या मीटिंगला कृष्णात यायलाच तयार नव्हता, मी ओढून नेला. जागेचा निकाल लावायचा होता. तेच पोरगं, तोच सूर. "आमी मागंच सांगितलंय, ह्यांचं काय..."

विजयसिंह उठला. मला वाटलं गरजेल. पण हळूच म्हणाला, "ह्यांचं म्हंजे कुणाचं रं? नाव घिऊन बोल. किस्न्याचं? माझ्या घरात गेली पंचवीस-तीस वर्सं त्याचं पाणी हाय. मी त्येच पितोय. आता माझंबी 'ह्यांचं'मधी धर." आणि मटकन खाली बसला. मागच्या रांगेत दोघं-तिघं एकमेकांकडं बघून तोंड वाकडं करत होते, तेही त्यानं बघितलं.

मतं शेडलाच जास्त पडली. अभ्यासिका गेली. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. मंडळाची पोरं हल्ली विजयसिंहला रस्त्यात राम राम घालत नाहीत आणि तो ते मनाला लावून घेतो, मला दिसतं.

घरी येताना दोघं मागंपुढं चालत होते. कोपऱ्यावर कृष्णात थांबला. "पाटील, पहार आण उद्या," म्हणाला. विजयसिंहनं मान हलवली. "पर फाटक फिरवून बसवायचं. कडी माझ्या बाजूला."

"कडी?" विजयसिंहला कळेचना. "कडी कुठल्या बाजूला हाय आता?"

कृष्णात त्याच्याकडं बघत राहिला. स्वतः वेल्डिंग करून बसवलेलं फाटक, रोज सकाळ-संध्याकाळ ज्याला हात लावला ते, आणि या माणसाला खरोखरच ठाऊक नव्हतं. "घरी जाऊन बघ," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून विटा काढल्या. विजयसिंहनं बिजागऱ्या कापून फाटक उलटं केलं आणि पुन्हा जोडलं. कृष्णात शेजारी उभा राहून पाइपावर ओलं पोतं टाकत होता, ठिणग्यांनी जळू नये म्हणून.

त्या आठवड्यात निशिगंधानं अळूच्या वड्या केल्या. ताट घेऊन विजयसिंह निघाला. मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. फाटकाशी जाऊन त्यानं सवयीनं हात घातला, तर कडी पलीकडं. मग त्यानं गज वाजवला. आतून टीव्हीचा आवाज येत होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, सरुबाई कुणाशी तरी बोलत होती. कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला, जरा हळूच. ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. एकदा परत फिरायला पाऊल उचललं आणि तिथंच थांबला.

शेवटी कृष्णात टॉवेलनं डोकं पुसत आला आणि त्यानं कडी काढली. दोघं काहीतरी बोलले, ताट आत गेलं.

थोड्या वेळानं विजयसिंह रिकामं ताट घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसला. ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"आंघोळीला गेलता," तो म्हणाला. "सरुवहिनीला कुकरच्या आवाजात ऐकूच आलं न्हाई."

"मग?"

"काय न्हाई. पर बाई, तेवढ्यात डोक्यात काय काय आलं. वाटलं, ऐकलंय ह्यांनी. ऐकूनच उघडंनात. मीटिंगचं अजून धरून बसलाय. का वड्या नको असतील आमच्या घरच्या. का मी परत जावं म्हणून वाट बघत्यात." त्यानं ताट खाली ठेवलं. "किस्न्या एवढी वर्सं रोज असाच हुभा ऱ्हात हुता व्हय?"

मी तांदळातून मान वर केली नाही.

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "त्याला विचार."